पदरातली बट

माझी माय कुणालाही भेटली की आधी डोक्याकडं बघते. तोंड नंतर, आणि 'बरंय का' तर त्याच्याही नंतर. जाफराबादकडच्या आमच्या गावात तिचा हा स्वभाव सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळं बायका आमच्या ओट्यावर चढायच्या आधी केसावरून एक हात फिरवून घेतात. एखादीचं डोकं कोरडं दिसलं की माय लगेच विचारते, "काय गं, घरात कुणी न्हाई का तुला?" तिच्या लेखी तेल नसलेलं डोकं म्हणजे पोरकं डोकं. एकदा शेततळ्याची पाहणी करायला एक तरणाताठा साहेब आल्ता. केस जेल लावून सरळ उभे केलेले. मायनं चहाच्या आधी त्याच्यापुढं खोबरेलाची बाटली ठेवली. साहेब इतका गांगरला की त्यानं मुकाट्यानं तेल लावून घेतलं आणि डोकं चोपडं करूनच शेततळं बघायला गेला.

अशा बाईच्या पोटी मी जन्मले आणि पहिल्याच पगारात मानेपर्यंत केस कापून बसले.

माझं म्हणाल तर मला कारण होतं. मी जालन्याला एका बियाण्याच्या कंपनीत लागले होते. दिवसभर ओल्या कागदावर ठेवलेल्या दाण्यांपैकी किती उगवले ते मोजायचं, हे माझं काम. तिथंच मस्तगड भागात एका मारवाडी घरात वरची खोली भाड्यानं घेतली होती. नळाला पाणी कधी येईल ते नळालाच माहीत. त्यात कमरेइतकी वेणी. धुवायला दोन बादल्या आणि वाळवायला अर्धा रविवार. शेवटी वैतागून एका संध्याकाळी पार्लरात गेले आणि म्हटलं, काढ बाई. गावाकडं चार महिने फोनवरच बोलत राहिले. सणाला गेले तर डोक्याला ओढणी गुंडाळून. सर्दी झालीय म्हटलं.

पण उन्हाळ्यात मायच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू पिकला होता. दवाखाना जालन्यातला, म्हणजे मुक्काम माझ्याकडं. एसटीतून उतरली ती हातात पिशवी, पिशवीत तेलाची बाटली. तिला समोरचा माणूस धड दिसत नव्हता, पण माझी मान बराबर दिसली.

"गं माय! कोण मेलं?"

"कुणी न्हाई मेलं."

"मंग ही दशा कशापायी?"

स्टँडवर चार माणसं बघायला लागली. मी तिला रिक्षात कोंबलं. रिक्षावाल्याचे केस मानेवर रुळत होते. माय मस्तगडपर्यंत एकदा त्याच्याकडं बघायची आणि एकदा माझ्याकडं. शेवटी म्हणाली, "आदलाबदल करून घ्या दोघं." तो बिचारा गाडी चालवताना इतका हसला की मलाच भ्या वाटलं.

आता खालच्या घराविषयी सांगते. घरमालकीण, तिला सगळे माँजी म्हणतात, मायच्याच वयाची. जुन्या जालन्यात त्यांचं कापडाचं दुकान, तेही आजोबा-पणजोबांच्या काळापासूनचं. मराठी आमच्यासारखंच बोलते, राग आला की मात्र मारवाडीवर जाते. तिच्या डोक्यावरून पल्ला, म्हणजे पदर, कधी म्हणजे कधीच ढळत नाही. इतके महिने त्या घरात राहून मी तिचा एक केस बघितला नव्हता. मायला पहिल्या दिवशी हे लई आवडलं. दुसऱ्या दिवशी मात्र तिला घोर लागला. "डोकं झाकलंय ते चांगलंय," ती हळूच म्हणाली, "पण ती तेल लावती का न्हाई, कळायला मार्ग न्हाई."

घरात माँजी, तिचा एकुलता एक मुलगा, सून आणि साडेचार वर्षांचं एक नातवंड. या नातवंडाचे केस माझ्यापेक्षा लांब. दोन वेण्या, त्यांना लाल रिबिनी, घरात असलं की अंगात फ्रॉक. पण होता तो पोरगा. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर तो झाला. तो पोटात असताना माँजीनं राजस्थानातल्या त्यांच्या कुलदेवीला बोलून ठेवलं होतं: पाच वर्षं याच्या केसाला लोखंड लावणार नाही, पहिले केस तुझ्याच दारात उतरवीन. त्याला ते झडूला म्हणतात. येत्या नवरात्रात जायचं नक्की होतं. दृष्ट लागू नये म्हणून तोवर पोराला पोरीसारखं ठेवलेलं.

आपल्याकडं जावळ काढताना लेकराला मामाच्या मांडीवर बसवतात. त्यांच्यात मामाचं काम नाही, भुआचं आहे. भुआ म्हणजे आत्या. तिनं पल्ला पसरायचा आणि केस जमिनीवर पडायच्या आत झेलायचे. आता माँजीला मुलगा एकच, म्हणजे पोराला सख्खी आत्याच नाही. तिकडं एक लांबची भुआ होती, पण ती फोनवर फार नखरे करून राह्यली होती. माँजी रोज जिन्यात मला गाठून तेच गाऱ्हाणं सांगायची. "भुआ काय दुकानात मिळती का, सांग?"

मला ते गाऱ्हाणं चांगलं कळायचं, कारण आमच्या घरात तेच उलटं होतं. मायला भाऊ नाही. माझ्या जावळाला उसना मामा आणला होता, बाबांच्या ओळखीतला. मी त्याचं नवं धोतर ओलं केलं आणि तो परत कधी आमच्या दाराशी फिरकला नाही, असं सांगतात. भाऊबीजेला गावातल्या बायका माहेरी जायच्या, नाहीतर त्यांचे भाऊ यायचे. माय तबक घेऊन अंगणात उभी राहायची आणि चंद्राला ओवाळायची. भाऊ नसलेल्या बाईनं तसंच करायचं असतं. कुणी कीव केलेली तिला खपायची नाही. "माझा भाऊ लांब राहतो," ती म्हणायची, "पण महिन्यातनं चार दिवस सोडले तर दिसतो तरी. तुमचे दिसतात का?" बायका गप्प व्हायच्या. मी लहान होते, मला ते फार भारी वाटायचं. मोठी झाल्यावर एकदा लक्षात आलं की ओवाळून झाल्यावर ती थोडा वेळ तशीच उभी राहते.

तर ती राहायला आली तेव्हा मी तिला खालच्या घरातले सगळे नियम सांगितले. कांद्या-लसणाची फोडणी खिडकी लावून द्यायची. जिन्यात चपला सोडायच्या नाहीत. गच्चीवरची उजवीकडची दोरी त्यांची. फक्त पोराच्या केसाचं सांगितलं नाही. विसरले म्हणाले तर खोटं होईल. केसाचा विषय निघाला की तो फिरून माझ्या मानेवर यायचा, म्हणून मी त्या दोन दिवसांत घरात 'केस' हा शब्दच काढत नव्हते. एवढीशी पळवाट काढली आणि ती पुढं चांगलीच अंगाशी आली.

तिसऱ्या दिवशी मी कामावर होते. पुढचं मला मायनं सांगितलं.

दुपारी ऊन मी म्हणत होतं. नातवंड जिना चढून वर आलं आणि मायच्या पुढ्यात बसलं. मायला दिसली ती एक पोरगी: फ्रॉक, रिबिनी, कपाळावर घामोळं आणि पुढच्या झिपऱ्या थेट डोळ्यात. पोरगी सारखी डोळे चोळून राह्यली होती. गावाकडं गल्लीतल्या निम्म्या पोरींच्या झिपऱ्या मायच कापते. तिनं वेण्या सोडल्या, डोकं बघितलं ("उवा न्हाईत, हे मातर कबूल"), तेल चोपडलं, फणीनं विंचरलं. मग माझ्या टेबलावरची कात्री घेतली, पोरीला पुढं ओढलं, हनुवटीखाली आपला पदर पसरला आणि भुवयांवर एक सरळ रेघ मारली. आरशात बघून पोरगी खूश झाली. मायनं पदरातले केस गोळा करून गाठ मारली. लेकराचे केस पायाखाली येऊ द्यायचे नाहीत, वाहत्या पाण्यात सोडायचे, हा तिचा नियम.

मग पोरगी म्हणाली, सू आली. माय तिला मोरीत घेऊन गेली. आणि पोरगी उभ्यानंच सुरू झाली.

मायनं आयुष्यात पूर बघितलाय, विहिरीतून नाग काढलेला बघितलाय. पण एवढी कधी हादरली नव्हती म्हणते.

"तू पोरगा हाय का रं?"

"और क्या!" तो म्हणाला. फ्रॉक सारखा केला, कपाळावरनं हात फिरवला आणि मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं असावं. "माझे बाल देवीचे आहेत," तो म्हणाला.

मी संध्याकाळी आले तेव्हा जिन्यातच माँजीचा आवाज आला. "थे ओ कांई कर दियो!" मारवाडी चालू होती म्हणजे प्रकरण गंभीर. वर गेले. माय भिंतीला टेकून बसली होती, पदराची गाठ मुठीत. समोर माँजी उभी, तिच्यामागं सून डोळे पुसतेय, आणि सगळ्यांच्या मधे तो पोरगा, तेल लावलेला, भांग पाडलेला, कपाळावर झकास झालर. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात आलं, काय गोड दिसतोय हा. तोंडातनं निघालं नाही ही देवाची कृपा.

"पाच वर्षं जपले," माँजी म्हणाली. "घरात कात्री कुलपात ठेवली मी. चार महिने राहिले होते, चार!" मग माझ्याकडं वळली. "तुला तर सगळं सांगितलं होतं ना?"

"हो," मी म्हटलं.

"मंग?"

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. माय म्हणाली, "तिला बोलू नका. हात माझा होता." ती स्वतःच्या बाजूनं आणखी एक शब्द बोलली नाही. डोळ्याला दिसत नव्हतं, मला कुणी सांगितलं नव्हतं, फ्रॉक का घातला होता, कितीतरी बोलता आलं असतं. आणि गल्लीत कुणाचं ऐकून न घेणारी बाई ती. मला तिचं ते गप्प बसणं बघवेना. लाज माझी मला वाटत होती.

दुसऱ्या दिवशी पोराला ताप आला.

मला सुनेकडून कळलं की त्यानं आदल्या दिवशी गाडीवरचे दोन बर्फाचे गोळे खाल्ले होते. पण हे मायला सांगून काय उपयोग? ती सकाळपासून जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसली. खाली जायची हिंमत नाही आणि आत यायचं मन नाही. चहा नको, भाकर नको. डॉक्टर येऊन गेला, ते तिनं पायरीवरूनच बघितलं. मी म्हटलं, उद्या तुझं ऑपरेशन आहे, पोटात काहीतरी घाल. तर म्हणाली, "ज्या डोळ्याला पोरगं का पोरगी कळंना, तो नीट करून काय करायचं? राहू दे. मला गावाला सोड."

"माय, त्याला गोळ्यानं ताप आलाय."

"कशानं का येईना. नऊ वर्षांनी झालेलं लेकरू हाय ते."

दुपारनंतर ताप उतरला. खालून पोराच्या ओरडण्याचा आवाज आला, त्याला खिचडी नको होती, गोळाच पाहिजे होता. मायनं तिथं पायरीवर बसूनच दोन्ही हात जोडले. कुणाला जोडले ते मी विचारलं नाही. पण आत येऊन तिनं अर्धी भाकर खाल्ली. अंगावर अजून तेच लुगडं. मी म्हटलं, बदल तरी. ती म्हणाली, "गाठ सुटंल."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी माँजी वर आली. एरवी ती कधी वर येत नाही, गुडघे दुखतात. दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "केस कुठायत?"

मायला वाटलं आता पुन्हा सुरू होणार. ती उठून उभी राहिली.

माँजीनं तिकडच्या देवळातल्या पुजाऱ्याला फोन लावला होता. त्यानं तीन गोष्टी विचारल्या म्हणे. किती कापले, कुणी कापले आणि कुठं पडले. पहिल्या दोन गोष्टी त्यानं सोडून दिल्या. तिसरीवर अडून बसला.

"जमिनीवर पडले का?" माँजीनं विचारलं.

"न्हाई," माय म्हणाली.

"एक पण?"

"एक बी न्हाई."

माँजीचा विश्वास बसेना. तिनं चष्मा लावला आणि माझ्या खोलीची झडती सुरू केली. पलंगाखाली वाकून बघितलं, चटई उलटी केली, कात्री उजेडात धरली. माझ्या फणीत एक केस सापडला. मी घाईनं म्हटलं, तो माझा. तिनं तो माझ्या मानेपाशी धरून लांबी ताडून बघितली आणि मगच टाकला. मला हसू फुटत होतं आणि हसायची सोय नव्हती.

मग मायनं गाठ सोडली. दोन दिवस मुठीत धरलेला तो पदराचा कोपरा चुरगाळून गेला होता. आत बोटभर लांबीचे मऊ केस, तेलानं एकमेकांना चिकटलेले, सगळे एका बाजूला नीट लावलेले. माँजी बघतच राहिली. मग पलंगावर बसली.

"पल्ल्यात घेतले तुम्ही," ती म्हणाली.

"मंग कुठं घेणार? लेकराचे केस पायाखाली येऊ द्यायचे असतात का?" मायचा आवाज पहिल्यांदा थोडा चढला.

"आमच्यात हे भुआ करती."

"आमच्यात कुणी बी करतं. जी जवळ असंल ती."

माँजीनं चष्मा काढून पल्ल्याच्या टोकानं पुसला. मग उठली आणि तिच्या त्या दुकानदारी आवाजात, ज्या आवाजात ती नोकरांना गठ्ठे उचलायला सांगते, म्हणाली, "आमच्यात असं चालत न्हाई, बाई. पहिले केस जिच्या पल्ल्यात पडले, ती भुआ. आता तुमची सुटका न्हाई. हे जपून ठेवा. नवरात्रात आमच्यासंगं यायचं, बाकीचे पण तुम्हीच झेलायचे, आणि हे त्यात मिसळून देवीला द्यायचे. त्या दुसरीचे नखरे मी ऐकून घेणार न्हाई, तिला मी आजच सांगती."

मायला काही कळेना. ती माझ्याकडं बघायला लागली.

"माय, भुआ म्हणजे आत्या," मी म्हटलं.

"कुणाची?"

"त्या पोराची."

"म्हणजे मंग त्याचा बाप माझा..." एवढं म्हणून ती थांबली. पुढचा शब्द तिनं कधी कुठल्या माणसाला लावलाच नव्हता. तिनं पदराला परत गाठ मारली, फार वेळ लावून मारली.

दवाखान्यात तिला माँजीच्या मुलानंच त्यांच्या गाडीतून नेलं. निघायच्या आधी तिनं माझ्या हळदी-कुंकवाच्या डबीतलं कुंकू कागदात काढून ती रिकामी केली, त्यात केस ठेवले आणि मगच लुगडं बदललं.

नवरात्रात ती गेली. जन्मात पहिल्यांदा आगगाडीत बसली. रोज रात्रीचं जेवण झालं की फोन, आणि फोनवर राजस्थान कसं आहे याचा एक शब्द नाही, सगळी डोक्याची हकीकत. तिथल्या न्हाव्याच्या वस्तऱ्याला धार नाही. बायका कपाळावर तो बोरला दागिना बांधतात, त्याखाली घट्टे पडलेत. पुरुषांच्या पागोट्याखाली हवाच लागत नसंल. पोरगा रडला नाही, पण टक्कल झाल्यावर स्वतःच्या डोक्यावर टपल्या मारून राह्यलाय. "डोकं गोल हाय बघ. मी हात लावून बघितलं." केस सगळे पदरात झेलले, एक पडू दिला नाही, डबीतले त्यात मिसळले, माँजी रडली, तिनं मायला चुनरी पांघरली. हे सगळं तिनं एका दमात सांगितलं. मग आवाज एकदम खाली आणला.

"आणि ऐक. तिचा पल्ला सरकला आज, देवळात, वाकली तवा. मी बघितलं. पांढरे हायेत, पण दाट हायेत. तेल लावती गं ती!"

त्यानंतर वीस-पंचवीस दिवसांनी भाऊबीज आली. मला वाटलं माय गावातच करील. पण दुपारच्या एसटीनं ती जालन्याला आली, पिशवीत तबक, निरांजन, सुपारी, तेलाची बाटली. दिवाळीच्या गर्दीत जाफराबादहून उभं राहून आल्ती. खालच्या बैठकीत पाट मांडला. माँजीचा मुलगा, चाळिशीला टेकलेला माणूस, बाप गेल्यापासून घरात सगळ्यांवर हुकूम करणारा, डोक्यावर रुमाल टाकून पाटावर बसला. त्यालाही कधी कुणी ओवाळलं नव्हतं, कुठल्या बाजूला तोंड करायचं तेही त्याला ठाऊक नव्हतं. मायनं खांद्याला धरून त्याला वळवलं. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. मग सवयीनं रुमाल बाजूला करून त्याचं डोकं बघितलं. मधे विरळ झालं होतं. तिनं हाताला लावलेलं तेल त्याच्या टाळूवर थापटलं. त्याचे डोळे भरून आले. तेल डोळ्यात गेलं म्हणाला.

माँजी लाडू घेऊन आली, फराळ सुरू होणार, तेवढ्यात माय तबक घेऊन उठली आणि मला म्हणाली, "चल, गच्चीवर चल जल्दी. तो थांबत न्हाई जास्त."

"कोण?"

"चल म्हणते ना."

बीजेची कोर दिवस मावळला की लगेच उतरायला लागते. आम्ही गच्चीवर गेलो तेव्हा ती पश्चिमेला टाक्यांच्या वर होती, नखाएवढी. मायनं निरांजन सारखं केलं.

"माय, आता कशाला?" मी म्हटलं. "आता भाऊ मिळाला ना तुला."

तिनं मला हातानंच थांबवलं. आधी नीट ओवाळलं. नव्या डोळ्यानं कोरीकडं बघितलं, बघत राहिली, मग माझ्या मानेवर पडलेल्या केसांवरून हात फिरवला. तेलाचा.

"हा थोरला हाय," ती म्हणाली. "खालचा आत्ता झाला."